कृत्रिम सूर्य विझतो कशाने?

१२ फेब्रुवारी २०२५ रोजी फ्रान्समधल्या ‘वेस्ट’ या टोकामॅकने, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू (प्लाझ्मा) चुंबकांनी कोंडून ठेवणाऱ्या यंत्राने, प्लाझ्मा सलग १३३७ सेकंद टिकवला. त्याआधी जानेवारीत चीनच्या ‘ईस्ट’ने १०६६ सेकंद गाठले होते. दोन्ही वेळा बातम्यांत ‘कृत्रिम सूर्य’ झळकला. नांदेड-लातूरकडे भौतिकशास्त्राची पुस्तकं घेऊन बसलेल्या मुलांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारायला हवा: इतक्या ताकदवान चुंबकांच्या पकडीतून प्लाझ्मा निसटतोच कसा?

शेतात मोकळा पडलेला रबरी पाइप मोटार सुरू होताच उसळ्या मारतो, तो आठवा. जिथे थोडा बाक असतो तिथेच पाण्याचा जोर बाहेर ढकलतो, बाक वाढतो आणि जोरही वाढतो. प्लाझ्मातल्या विद्युतप्रवाहाचंही तसंच. प्रवाह किंचित वाकला की बाकाच्या आतल्या बाजूला त्याच्याच चुंबकीय रेषांची दाटी होते, बाहेर त्या विरळ पडतात. दाटीचा दाब बाकाला आणखी बाहेर लोटतो. प्रवाहाच्या दिशेने दुसरं भक्कम चुंबकीय क्षेत्र लावलं तर हे आवरतं. टोकामॅकची रचना याच उपायावर उभी आहे. पण प्रवाह किंवा घनता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की काही मिलिसेकंदांत सगळा डोलारा कोसळतो. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ‘इटर’ या टोकामॅकमध्ये दीड कोटी अँपिअरचा प्रवाह असेल. तो असा अचानक कोसळला, तर जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सुटलेले इलेक्ट्रॉन भिंतीचा धातू वितळवू शकतात. म्हणून ऐन वेळी चुरा करून आत मारायला गोठवलेल्या हायड्रोजन-निऑनच्या गोळ्या तयार ठेवाव्या लागणार आहेत!

प्लाझ्माच्या या अस्थिरतेने थोरामोठ्यांना चकवलं आहे. जानेवारी १९५८ मध्ये ब्रिटनच्या हार्वेल प्रयोगशाळेने ‘झीटा’ यंत्रातून न्यूट्रॉन मिळाल्याचं जाहीर केलं, संलयन (हलक्या अणुकेंद्रकांचं एकत्र येणं) साधल्याचा गाजावाजा झाला. काही महिन्यांतच उलगडा झाला: ते न्यूट्रॉन तापलेल्या प्लाझ्माचे नव्हतेच, अस्थिरतेमुळे वेग मिळालेल्या थोड्या कणांचे होते. मुंबईहून गेलेल्या होमी भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेच्या अध्यक्षपदावरून वीस वर्षांत संलयन ऊर्जा ताब्यात येईल असं भाकीत केलं होतं. दिशा अचूक होती, पण या अवखळ प्लाझ्माची पुरती ओळख तेव्हा कुणालाच नव्हती.

ती ओळख करून देण्यात आपला वाटा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. प्रा. प्रेधिमन काव यांनी प्रिन्स्टनहून परतून गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था उभी केली. तिथे १९८९ मध्ये ‘आदित्य’ हा देशी टोकामॅक सुरू झाला. यंत्र लहान, प्लाझ्मा सेकंदाच्या एखाद्या दशांशापुरता. तरी प्लाझ्माच्या कडेला बारीक शलाका घालून या चमूने मोजमाप केलं, तेव्हा तिथली खळबळ एकसारखी नव्हती. उष्ण प्लाझ्मा मध्येच लोंढ्यालोंढ्याने बाहेर पडत होता. १९९२ मध्ये हे ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये छापून आलं. पुढे जगभरच्या टोकामॅकमध्ये कडेचे असे लोंढे दिसले आणि भिंतीवर किती उष्णता आदळेल याच्या हिशेबात ते धरावे लागले. सेकंदांच्या विक्रमापेक्षा मला हे मोलाचं वाटतं.

विक्रमी प्लाझ्मातून वीज निघालेली नाही, हेही ध्यानात ठेवा. पुढे निघाली तरी बहुधा पाण्याची वाफ करूनच. २०१५ मध्ये परळीचं औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद पडलेलं पाहिलेल्या मराठवाड्याला याचा अर्थ सांगायला नको.

पुढचा विक्रम वाचाल तेव्हा दोन गोष्टी शोधा: प्लाझ्मा ठरवून थांबवला की आपणहून कोसळला, आणि त्यात संलयनाचं खरं इंधन जळत होतं का. ज्यांना हे प्रश्न स्वस्थ बसू देत नाहीत, त्यांनी वैद्यकीय प्रवेशाच्या रांगेबाहेरही एकदा पाहावं. एमएस्सी भौतिकशास्त्रानंतर ‘जेस्ट’ परीक्षेतून गांधीनगरच्या त्या संस्थेत पीएचडीसाठी जाता येतं.