गौडा नव्हे, खाउदा : चीजच्या गावचा गुरुवारचा बाजार

आज बोलणार आहोत आम्ही दोघी विहिणी. एकीची लेक ती दुसरीची सून. ती नेदरलँड्समध्ये, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो त्या देशात, उत्रेख्त शहरात नोकरीला आहे. तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघी एकदमच गेलो. तीन महिने एका घरात दोन विहिणी राहिल्या आणि भांडण झालं नाही, हीसुद्धा सांगण्यासारखीच गोष्ट आहे, पण ती पुन्हा कधीतरी. आज एका गावाची गोष्ट.

शहरातल्या मोठ्या दुकानात ‘गौडा चीज’ लिहिलेली पाकिटं असतात. गौडा हे गावाचं नाव आहे. तिथली माणसं ते ‘खाउदा’ असं म्हणतात, घशातून खरखरीत ‘ख’ काढून. आम्ही स्टेशनवर ‘गौडा, गौडा’ म्हणत राहिलो आणि तिकीटवाल्याला काही कळेना. उत्रेख्तहून आगगाडीनं वीसेक मिनिटांवर हे गाव आहे. लेक म्हणाली, एप्रिल ते ऑगस्ट दर गुरुवारी सकाळी तिथं चीजचा बाजार भरतो, तुम्ही दोघी दूधवाल्या, तुम्हाला बघायलाच हवा.

आता आधी हे सांगतो की चीज तिथंच का. त्या देशाची सुमारे चौथा हिस्सा जमीन समुद्राच्या पातळीपेक्षा खाली आहे. खाउद्याच्या आसपास तर सगळी दलदलीची, कुजलेल्या गवताची भुसभुशीत माती. आठ-नऊशे वर्षांपूर्वी लोकांनी चर खणून पाणी काढलं आणि धान्य पेरलं. पण अशा मातीतलं पाणी काढलं की ती बसते, खाली खाली जाते. जमीन खचली, पुन्हा ओल आली, धान्य नीट येईना. गवत मात्र उत्तम येई. म्हणून गायी आल्या, आणि गायींमागे दूध. दूध टिकत नाही हे आपल्याला कुणी सांगायला नको. लांबच्या गावाला न्यायचं तर त्याचं काहीतरी टिकाऊ करावं लागतं. आपण तूप केलं, खवा केला, त्यांनी चीज केलं. गाव आजही हळूहळू खचतंच आहे, जुन्या घरांना त्याचा त्रास आहे.

गायींवरून आठवलं. आपल्या गोठ्यात जी काळी-पांढरी एचएफ गाय असते, त्या एचएफचं पूर्ण नाव होलस्टिन फ्रिजियन. त्यातलं फ्रिजियन म्हणजे ह्याच देशाच्या उत्तरेकडच्या फ्रिसलँडची. आगगाडीच्या खिडकीतून कुरणात तशाच गायी दिसल्या तेव्हा आम्हाला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. फरक एवढाच की त्या गारव्यात, ढोपरभर गवतात उभ्या होत्या, आणि आपली मे महिन्यात पत्र्याखाली धापा टाकते.

गावात शिरलं की सगळीकडे कालवे. दोन्ही बाजूंना विटांची उंच, अरुंद घरं, मध्ये पाणी, पाण्यावर पूल. आपल्याला कालवा म्हटलं की पाटाचं पाणी, पाळी आणि पाटकरी आठवतो. त्यांचे कालवे मुख्यतः पाणी काढून टाकायला आणि माल न्यायला. ट्रक नव्हते तेव्हा चीज, विटा, धान्य सगळं होडीतून जाई. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या बोटींना खाउद्यातून जावं लागे आणि तिथं जकात भरावी लागे. गाव त्या पैशावर वाढलं. काउंट फ्लोरिस पाचवा ह्यानं १२७२ साली गावाला शहराचे हक्क दिले. चौकाच्या मधोमध दगडी नगरभवन आहे, पंधराव्या शतकातलं, त्याच्या खिडक्यांची झापडं लाल-पांढरी. भिंतीवरच्या घड्याळात छोट्या बाहुल्या हलतात आणि हक्क दिल्याचा तो प्रसंग करून दाखवतात. बघायला गर्दी होते. आम्हालाही मान वर करून बघावंसं वाटलं, खोटं कशाला बोला.

नगरभवनाच्या मागे आहे वजनघर. आम्हाला सगळ्यात जास्त भावलं ते हे. १६६८ साली बांधलेली चौकोनी इमारत, पीटर पोस्ट नावाच्या स्थापत्यकाराची. दर्शनी भिंतीवर दगडात कोरलंय : मोठा तराजू, चीजच्या लाद्या, वजन करणारी माणसं. शेतकऱ्यानं आणलेलं चीज इथं गावाच्या काट्यावर तोललं जाई. त्यावरूनच कर ठरे. काटा व्यापाऱ्याचा नाही आणि शेतकऱ्याचाही नाही, काटा गावाचा. मैत्रिणींनो, ज्यांनी फॅट लागली नाही म्हणून भाव कापून घेतलाय, त्यांना ह्या इमारतीपुढं दोन मिनिटं उभं राहावंसं वाटेल.

बाजाराचं सांगतो. चौकात फळ्यांवर पिवळ्याधमक लाद्या रचलेल्या असतात. एक लादी साधारण बारा किलोची, आकार जात्याच्या तळीएवढा. निळा सदरा आणि लाकडी बूट घातलेले शेतकरी, पांढऱ्या डगल्यातले व्यापारी. व्यापारी लादीवर बोटानं ठोकून आवाज ऐकतो, पोकळ नळीसारखं अवजार आत घालून नमुना काढतो, वास घेतो, चुरडतो, चाखतो. मग सौदा. दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या तळहातावर टाळी मारतात आणि दर टाळीला भाव ओरडतात. एकाचा खाली, दुसऱ्याचा वर. भाव जुळला की शेवटची टाळी, ती बसली की सौदा पक्का. आपल्या जनावरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवतात, शेजारच्याला काही कळत नाही. इथं सगळं चारचौघांत, ओरडून. आता हे सगळं बरंचसं पाहुण्यांना दाखवण्यासाठी असतं, खरा व्यवहार कारखान्यांतून आणि फोनवर होतो. तरी रीत बघण्यासारखी आहे.

आता चीज कसं करतात. आमच्यातल्या एकीच्या गळ्यात तुळशीची माळ. तिनं आल्या आल्या लेकीला विचारलं, “ह्यात वासराचं काहीतरी घालतात म्हणे, खरं का?” खरं आहे. दूध घट्ट करायला रेनेट लागतं, आणि पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातून काढलेलं असतं. आता सूक्ष्मजीवांपासून केलेलंही मिळतं. तिथल्या दुकानात चिठ्ठीवर शाकाहारी रेनेट लिहिलेलं चीज मागून घेता येतं. आम्ही तसंच घेतलं. आपल्याकडे चीज घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका बघावा.

दूध हाताला जेमतेम कोमट, तीसेक अंशांवर आणतात. त्यात विरजण घालतात, मग रेनेट. अर्ध्या-पाऊण तासात दूध खरवसासारखं थरथरायला लागतं. ते तारांच्या जाळीनं कापतात, बारीक तुकडे होतात, निवळी सुटते. पनीर करताना हेच पाणी आपण बघतो. आता खाउद्याची खुबी. थोडी निवळी काढून तिच्या जागी गरम पाणी घालतात, म्हणजे तुकडे धुऊन काढतात. त्यानं दुधातली साखर निघून जाते. साखर कमी तर आंबट कमी, म्हणून हे चीज गोडसर लागतं. मग साच्यात भरून वजनाखाली दाबायचं, नंतर काही दिवस मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. शेवटी लाकडी फळ्यांवर मांडायचं आणि रोज किंवा दिवसाआड उलटायचं, नाहीतर एका बाजूला ओल बसते. एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध लागतं.

चार आठवड्यांचं चीज कोवळं, मऊ. चार महिन्यांचं मुरलेलं. वर्ष उलटलेलं कडक, तपकिरी, दाताखाली मिठाच्या खड्यासारखे बारीक कण लागतात. ते मीठ नसतं, मुरताना तयार झालेले दाणे असतात. एका टपरीवर तिन्ही चाखायला मिळालं. माळकरी विहीणबाईंना कोवळं आवडलं, दुसरीला जुनं. जुन्याला जुन्या लोणच्यासारखी धार असते.

हे सगळं करायचं कोण? बाजारात टाळ्या मारणारे पुरुष दिसले, पण जुन्या काळी शेतावर चीज करणं हे बाईचं काम होतं. धार काढणं, दूध तापवणं, तुकडे कापणं, बारा-बारा किलोच्या लाद्या उलटणं. कसब आईकडून लेकीकडे जायचं. दुधात हात घालून ऊब ओळखायची, थर्मामीटर कुठला! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे कारखाने आले आणि बहुतेक काम तिकडे गेलं. तरी काही शेतांवर अजून घरच्या कच्च्या दुधाचं चीज करतात. त्याला ‘बूरनकास’ म्हणतात, म्हणजे शेतकऱ्याचं चीज. शेतकरणीचं का नाही, हे आमच्यातल्या एकीनं विचारलं. लेक हसली.

नावाची आणखी एक गंमत. गौडा नाव इतकं पसरलं की ते कुणालाही लावता येतं, आपल्या देशातही गौडा तयार होतं. गावाचं नाव जगभर विकलं जातं, गावाला त्याचं काही मिळत नाही. म्हणून २०१० पासून युरोपात ‘गौडा हॉलंड’ हे नाव राखीव झालं. ते फक्त तिथल्या दुधाचं, तिथंच मुरवलेल्या चीजला लावता येतं. आपल्या कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय ना, तोच प्रकार.

परत आल्यावर गटातल्या बायकांनी पहिला प्रश्न हाच केला : आपण करू शकू का? आम्ही कागदावर हिशेब मांडला. बारा किलोच्या एका लादीला एकशेवीस लिटर दूध. समजा लिटरला पस्तीस रुपये धरले, तर ४,२०० रुपये एका लादीत अडकले. चार महिने मुरवायची तर चार महिने पैसा बंद. मुरवायची खोली बारमाही गार लागते, आपल्याकडे त्याला यंत्र आणि वीज. सुकताना वजन घटतं ते वेगळं. आणि विकायला अन्नसुरक्षेचा परवाना. छोट्या गटानं पनीर, खवा, तूप ह्यावर हात बसवावा, तिथं पैसा आठवड्यात परत फिरतो. हे आमचं मत. कुणाला मोठी जोडणी करता येत असेल तर त्यांनी शिकून जरूर करावं. आणि कच्च्या दुधाचं चीज घरी करून बघायच्या फंदात पडू नका. आपल्याकडे दूध उकळूनच वापरायचं, विशेषतः घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर.

खाउद्याला जाणं कुणाच्या नशिबी आलंच, तर आणखी दोन गोष्टी. एक, सेंट जॉनचं चर्च. १२३ मीटर लांब, त्या देशातलं सगळ्यात लांब. त्याच्या रंगीत काचा सोळाव्या शतकातल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या उतरवून लपवून ठेवल्या होत्या. ऊन पडलं की फरशीवर रंग सांडतात. दुसरी गोष्ट स्ट्रूपवाफेल. दोन पातळ पापड्या आणि मध्ये पाकाचा थर. आम्ही तर तिला गुळपोळीच म्हटलं. गरम चहाच्या कपावर झाकणासारखी ठेवायची, पाक मऊ होतो, मग खायची. उन्हाळ्यातही अंगावर स्वेटर ठेवा. तिथला ऑगस्ट म्हणजे आपला डिसेंबर.

परतीच्या गाडीत आम्ही बराच वेळ गप्प होतो. मग माळकरी विहीणबाई म्हणाल्या, “चार गायींच्या धारा मी काढते. किटली डोक्यावर घेऊन डेअरीला मी जाते. पण दुधाचं पुस्तक ह्यांच्या नावावर, पैसे ह्यांच्या खात्यात.” दुसरीचंही तेच. सोळा वर्षांत आम्हाला ते कधी खटकलं नव्हतं, असं नाही. खटकलं होतं, बोललो नव्हतो.

गावी आल्यावर बाळाचे फोटो दाखवून झाले, चीजचा तुकडा गटात वाटून झाला. निम्म्या बायकांना तो साबणासारखा लागला, हेही सांगून टाकतो. त्यानंतरच्या सोमवारी विहीणबाई दूध संस्थेत गेल्या आणि सभासद नोंद, पुस्तक आणि बँक खातं आपल्या नावावर करण्याचा अर्ज दिला. घरी मालकांना आधी सांगितलं होतं. ते दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी अर्जावर सही करायला स्वतःच पेन घेऊन आले. संस्थेच्या बैठकीत विषय पुढच्या महिन्यात येणार आहे. दुसरीचा अर्ज लिहून तयार आहे, घरात बोलणं चालू आहे.