आज तुझा ग्लास, उद्या माझा

शनिवारी सकाळी आटगावच्या फाट्यावर पाच मिनिटं उभं राहून बघा. मुंबईच्या गाड्या एकामागोमाग एक नाशिककडे पळत असतात. आत दोघं-दोघं, मागच्या सीटवर एक सॅक, काचेला लावलेला मोबाइल. फार तर चहा-वडापावला थांबतात आणि पुढे वाइन चाखायला जातात. रविवारी संध्याकाळी त्याच गाड्या परत. आपण मात्र वर्षानुवर्षं त्यांना रस्ता सांगतोय, "सरळ जा, पुढे कसारा घाट लागेल."

यंदा आपणच निघूया की! तुमचं नुकतंच लग्न झालंय, किंवा पाच वर्षं होऊन गेलीत आणि दोघांनी मिळून शेवटची कुठली ट्रिप केली ते आठवत नाहीये, तर हा बेत तुमच्यासाठी आहे. तीन दिवस, साधारण 500 किलोमीटर आणि एक त्रिकोण: आटगाव–नाशिक, नाशिक–पुणे, पुण्याहून माळशेजमार्गे परत घरी. वाटेत द्राक्षाची वाइन, मधाची मीड आणि छोट्या ब्रुअरीत तयार झालेली ताजी क्राफ्ट बिअर. आधीच सांगतो, ही ट्रिप पिण्याची नाही, चाखण्याची आहे. फरक काय, ते वाटेत कळेलच.

आधी चावीचं ठरवा

हॉटेल बुक करायच्या आधी एक गोष्ट ठरवायची. गाडीची चावी कुठल्या दिवशी कुणाकडे?

कायदा स्पष्ट आहे. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी 10 हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही. पण आपल्याला कायद्यापेक्षा घाट जास्त चांगला कळतो. कसारा आणि माळशेज, दोन्ही या ट्रिपमध्ये आहेत. तिथल्या वळणांवर काय काय होतं, ते आपल्या भागातल्या माणसाला पेपरात वाचावं लागत नाही.

"एवढ्याशा वाइननं काय होतंय" हे वाक्यही घरी ठेवून या. 330 मिलिलिटर साध्या बिअरमध्ये साधारण 13 ग्रॅम अल्कोहोल असतं. 150 मिलिलिटर वाइनमध्येही जवळपास तेवढंच. यकृत ते आपल्याच संथ गतीनं पचवतं. कडक कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ, यातल्या कशानंही ती गती वाढत नाही. वेळ जाऊ देणं हाच उपाय.

म्हणून नियम सोपा. पहिल्या दिवशी एकानं चाखायचं, दुसऱ्यानं गाडी चालवायची. दुसऱ्या दिवशी उलट. आणि इथेच एक गंमत आहे. बहुतेक जोडप्यांत "तू गाडी चालव, मी घेतो" हे तो म्हणतो. या वेळी पहिला दिवस तिला द्या. गाडी तो चालवेल. (तिला गाडी येत नसेल, तर ट्रिपच्या आधी दोन महिने शिकवा. आपल्या गावातले रस्ते त्यासाठी उत्तम आहेत.) आणि तिला चाखायचंच नसेल, तर तेही चालतं. फक्त ते तिनं ठरवलेलं असू दे.

आणखी एक. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट 21 आहे, कडक दारूसाठी 25. आपल्याकडचं सगळं मद्य आजही 1949च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावर चालतं. पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना हा विनोद नाही, खराखुरा कागद आहे.

दिवस पहिला: घाट, देवळाली आणि मध

सकाळी लवकर निघा. खर्डी, कसारा, घाट, इगतपुरी. इगतपुरी तालुक्यापासूनच वायनरींचे फलक दिसायला लागतात. सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा आहे, कावनईला व्हॅलोने. पुढे नाशिकला गंगापूर धरणाजवळ सुला. राजीव सामंत अमेरिकेत शिकून, तिथली नोकरी सोडून परत आले, घरच्या जमिनीत द्राक्षं लावली आणि 2000 साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. त्यानंतर नाशिकच्या द्राक्षाला खाण्याच्या पेटीपलीकडचं एक आयुष्य मिळालं.

पण त्याआधी देवळालीचा फाटा आला की गाडीत एक गोष्ट सांगायची. ब्रिटिशांच्या काळात देवळालीला लष्कराची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक तिथे मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत थांबायचे. उन्हाळा, ताप, काम काही नाही. काही जणांचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलाली टॅप' म्हणायला लागले. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे चक्क आपला ताप! ही गोष्ट लक्षात ठेवा, उद्या पुण्यात ती पुन्हा भेटणार आहे.

नाशिकमध्ये द्राक्षाशिवाय मधही चाखता येतो. मधात पाणी आणि यीस्ट घालून आंबवलं की जे पेय होतं ते मीड. डॉ. योगिनी बुधकर आणि डॉ. अश्विनी देवरे या दोघींनी इथे सेराना मीड्स उभी केली. नावातली 'सेराना' कोण, माहितीये? आपल्या जंगलातली सातेरी मधमाशी. तिचं शास्त्रीय नाव एपिस सेराना. माहुलीच्या पायथ्याला झाडाच्या ढोलीत जिचं पोळं बघितलंय, तीच. आपली माशी बाटलीवर इंग्रजी नाव घेऊन बसलीये, म्हटल्यावर ग्लासाकडे बघायची नजर बदलते.

जायच्या आधी फोन करून टेस्टिंग चालू आहे का, वेळ काय, हे विचारून घ्या. आणि तिथे टेबलावर काय होतं, ते नीट बघा. ऑर्डर तिनं दिलेली असली तरी ग्लास बऱ्याचदा त्याच्यासमोर ठेवला जातो. बिलही त्याच्याच हातात. यात वेटरची फारशी चूक नाही, त्याची सवय झालीये. तुम्ही फक्त हसून ग्लास तिच्याकडे सरकवा. त्या दिवशी समोर पाण्याचा ग्लास घेऊन बसलेल्या नवऱ्याला काही गोष्टी पहिल्यांदा कळतात. आपण रंगात येऊन बोलत असताना समोरचा शुद्धीवर बसून किती वेळ ऐकत असतो, हीसुद्धा त्यातलीच एक.

दिवस दुसरा: नाचणी सत्त्व येतं? मग बिअर कळेल

सकाळी मिसळ खाऊन सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत पुणे गाठायचं. दोनशेच्या वर किलोमीटर आहेत, घाई नको. आज चावी तिच्याकडे.

महाराष्ट्रात छोट्या ब्रुअरीची सुरुवात पुण्यात झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी या मित्रांनी 2009 मध्ये मायक्रोब्रुअरी काढली. ऑलिव्हर शाउफ हा जर्मन ब्रुअर त्यांच्यासोबत होता. नाव काय ठेवलं? 'डूलाली'. कालचा देवळालीचा ताप आठवला ना! नंतर 2014 मध्ये इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, एफिंगट आली, पुढे ग्रेट स्टेट एलवर्क्स. रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांची मूनशाइन मीडरीही पुण्याचीच.

आता क्राफ्ट बिअर म्हणजे वेगळं काय? मोठ्या कारखान्यात एकाच चवीच्या लाखो बाटल्या निघतात. इथे छोट्या टाक्यांत थोडी थोडी बिअर होते. ती बहुधा पाश्चराइज करत नाहीत, त्यामुळे थंड ठेवावी लागते, लवकर संपवावी लागते आणि प्रत्येक घाण्याची चव जराशी वेगळी लागते.

कृती ऐकली तर घरचीच वाटेल. आई नाचणी सत्त्व कसं करते? नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजायची, दळायची. बिअरसाठी हेच जवाचं, म्हणजे बार्लीचं करतात. मोड आलेल्या, वाळवलेल्या जवाला माल्ट म्हणतात. मोड येताना जी विकरं तयार होतात, ती गरम पाण्यात पिठूळपणाची साखर करतात. त्या गोड पाण्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घालून उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि फेस तयार करतं. एल प्रकारची बिअर साध्या तापमानाला काही दिवसांत होते. लागरला थंडीत कित्येक आठवडे ठेवावं लागतं. म्हणजे बिअर गाळत नाहीत, आंबवतात. इडलीच्या पिठासारखंच, फक्त तिथे काम मुख्यतः जिवाणूंचं असतं, इथे यीस्टचं. उरलेला चोथा गुरांना चारतात, त्यामुळे वायाही जात नाही.

तिथे गेल्यावर मोठा मग मागवू नका. टेस्टर मागवा. छोट्या ग्लासांत चार-पाच प्रकार येतात. फिकटपासून गडदकडे जायचं, नाहीतर कडू-काळी बिअर आधी घेतली की मग हलकी पाण्यासारखी लागते. मध्ये साधं पाणी प्या. पोटात आधी जेवण हवंच. व्हीट बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते, तो वास यीस्टची करामत असते. आधी वास घ्या, मग एक घोट, मग एकमेकांना विचारा, "तुला कशासारखं लागलं?" दोघांची उत्तरं सहसा जुळत नाहीत. ट्रिपमधल्या सगळ्यात छान गप्पा तिथून सुरू होतात.

चाखणं आणि पिणं यातला फरक हा. पिताना आपण ग्लास किती झाले ते मोजतो. चाखताना विचारतो, हे कशापासून केलं? कोणी केलं? किती दिवस लागले? ब्रुअर तिथे असेल तर त्याला खुशाल विचारा. त्याला सांगायला आवडतं.

संध्याकाळी ज्याची पाळी नव्हती त्यालाही चाखायचं असेल, तर गाडी हॉटेलवर लावा आणि रिक्षानं जा. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र उशिरा निघा. रात्रीची सकाळपर्यंत पूर्ण उतरलेली असतेच असं नाही, आणि पुढे माळशेज आहे.

दिवस तिसरा: परतीचा रस्ता आणि मोहाचं झाड

नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, टोकावडे. मग सरळगावहून किन्हवलीमार्गे शहापूर आणि घर. पावसाळ्यात हा बेत करू नका, घाटात धुकं आणि दरडी असतात. उत्तम वेळ मार्चचा पहिला पंधरवडा. नाशिकची द्राक्षं तोडणीत असतात आणि इकडे मुरबाड-शहापूरच्या रानात मोह फुलायला लागलेला असतो.

टोकावड्याच्या पुढे कुठेतरी मोहाचं झाड दिसलं की गाडी बाजूला घ्या. तीन दिवस जे प्रश्न विचारत आलात, तेच आता इथे विचारा. हे कशापासून करतात? कोण करतं?

पहाटे ही फुलं टपटप खाली पडतात आणि बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा कितीतरी घरांत मोह हे आधी अन्न आहे. वाळवून ठेवायचा, शिजवायचा, बियांचं तेल काढायचं. दारू ही त्यातली एक गोष्ट. ब्रिटिश सरकारनं 1878च्या अबकारी कायद्यानं गावातलं गाळप बंद करून ठेकेदारांच्या हाती दिलं. लोक तरीही घरी गाळतात म्हटल्यावर 1892 साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं जवळ बाळगण्यावरच कायद्यानं बंधनं आणली. कारण महसूल. आपल्याच जिल्ह्यात झाडाखालचं फूल उचलणं गुन्ह्याच्या यादीत गेलं. फुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे निर्बंध महाराष्ट्रानं उठवले ते 2021 मध्ये.

म्हणून आता हातभट्टी चाखायला जा, असं अजिबात म्हणत नाही. घरी गाळणं आजही गुन्हा आहे. शिवाय त्या बाटलीत काय मिसळलंय, हे कोणालाच सांगता येत नाही. 2015 मध्ये मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. आणि आपल्या गावातल्या ज्या बायकांनी दारूच्या दुकानाविरुद्ध आडव्या बाटलीला मतं दिली, त्यांना कोणी क्राफ्टचं कौतुक सांगायला जाऊ नये. त्यांच्या घरात दारू चाखण्यापुरती कधीच आली नव्हती.

पण हेही खरं की गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली आणि शेजारच्या डहाणूची एक डिस्टिलरी परवाना घेऊन मोहाची बाटली काढते. ती शहरातल्या दुकानात महाग विकली जाते. पहाटे फूल वेचणारीला त्यातले किती रुपये मिळतात? नाशिकला द्राक्षाबद्दल आणि पुण्यात जवाबद्दल प्रश्न विचारून आलेल्या माणसानं हा प्रश्नही विचारायला हवा. वाटेत कोणी वाळलेला मोह विकत असेल तर घासाघीस न करता पावशेर घ्या. घरी लाडू करता येतात, आणि ते आजीलाही चालतात.

घरी पोचल्यावर "कुठे गेला होतात?" हा प्रश्न येणारच. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ट्रिप कशी झाली याचा हिशेब करताना किती प्रकार चाखले ते मोजू नका. तिसऱ्या दिवशी माळशेज उतरताना शेजारच्या सीटवरचा माणूस निवांत झोपला होता का, ते आठवा. तुम्ही चालवत असताना तो बिनधास्त झोपला असेल, तर पुढच्या वर्षीचं बुकिंग आत्ताच करून टाका. चावीची पाळी मात्र पुन्हा पहिल्यापासून!