गिझरमधला दगड

गिझर दुरुस्त करणाऱ्या दादांनी टाकी वर्तमानपत्रावर उलटी केली आणि ओंजळभर दगड खाली पडले. मुक्ता म्हणाली, "आजोबा, हे आत कुणी टाकले?" चिनूचा संशय शेजारच्या बांधकामावर.

अरे, बांधकामाची खडी अशी नसते. ही खपली हातात घे. वरून पिवळट, खरखरीत. आतली बाजू मात्र गुळगुळीत आणि गोलाईनं वळलेली. ती गोलाई कॉइलची. म्हणजे दगड बाहेरून आलाच नाही, कॉइलवरच जन्माला आला. आता त्यावर लिंबू पिळ. आले ना बुडबुडे? त्या बुडबुड्यांत जो वायू आहे, त्याचीच ही गोष्ट. त्याचं नाव कार्बन डायऑक्साइड.

ढगातून पडणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. वाटेत हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो. पण खरा साठा मातीत. झाडांची मुळं आणि पालापाचोळा कुजवणारे जीव हा वायू सतत सोडत असतात, त्यामुळे मातीतल्या पोकळ्यांमध्ये तो बाहेरच्या हवेपेक्षा दहापट, कधीकधी शंभरपटही असतो. त्यानं पाणी किंचित आंबट होतं. जिभेला ते कळायचं नाही, पण दगडाला कळतं.

आपल्या वाघोलीखाली काळा कातळ आहे, बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. हे आंबट पाणी भेगांमधून झिरपत जातं आणि दोन्ही थोडं थोडं विरघळवत नेतं. कार्बन डायऑक्साइडनं जणू दगडाला कडेवर घेतलेलं असतं: तो पाण्यात आहे तोवर दगडही पाण्यात, डोळ्यांना न दिसणारा. वर्षानुवर्षं खाली मुरलेलं हे पाणी आपण बोरनं उपसतो. तुमच्या मावशीकडे येतं खडकवासल्याचं पाणी. ते डोंगरउतारावरून वाहत धरणात जमा होतं, कातळाच्या पोटात फार काळ राहत नाही. म्हणून तिचे नळ चकचकीत आणि आपल्या नळांवर पांढरी पुटं.

पटत नाही? मग करून बघू. पानाचा चुना चिमूटभर घ्या, फिल्टरच्या पाण्यात ढवळा आणि तासभर बसू द्या. वरची निवळी अलगद काढून तिच्यात दहापट फिल्टरचंच पाणी घाला. आता नळीनं फुंकर मारा. फुंकायचं फक्त, ओढायचं नाही, चुन्यानं घसा भाजतो. पाणी पांढुरकं होईल, कारण तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं चुन्याचा कॅल्शियम कार्बोनेट केला, म्हणजे हाच गिझरमधला दगड. थांबू नका, फुंकत राहा. गाल दुखतील, पण पाणी पुन्हा नितळ होईल. वायू वाढला, दगड विरघळला. झालं तुमचं बोरचं पाणी तयार! आता हेच पातेल्यात उकळा. गढूळ झालं? उकळल्यानं वायू उडाला आणि दगड खाली उतरला. गिझरमध्ये रोज सकाळी हेच होतं. विशाखापट्टणमजवळच्या बोरा गुहांतही हेच, फक्त तिथे जाळ नाही. छतातून ठिबकणारं पाणी गुहेच्या मोकळ्या हवेत येतं, त्यातला वायू निसटतो आणि थेंबाथेंबानं दगडाचे खांब उभे राहतात. त्याला हजारो वर्षं लागतात. आपली कॉइल मात्र घाईत असते.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे त्यात विरघळलेला असा दगड, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगली. दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायची. 600 धरली तर वीस लिटरच्या बादलीत 12 ग्रॅम दगड झाला की! कॉइलवर त्याचा थर चढला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, आतली कॉइल तापून तापून जळते आणि बिल आपण भरतो.

साबणाचं दुखणं वेगळं. कॅल्शियम साबणालाच धरून बसतं आणि त्याचा न विरघळणारा चिकट साका करतं. बादलीच्या काठाला बसणारी राखाडी रेघ ती हीच. हे सगळं कॅल्शियम साबणानं संपवलं की मगच फेस येतो, म्हणून वडी भराभर झिजते.

आजी तूरडाळीला फिल्टरचं पाणी घेते, तिला तुम्ही चिकित्सक म्हणता. अहो, बरोबर आहे तिचं! डाळीच्या पेशी पेक्टिननं एकमेकींना चिकटलेल्या असतात. शिजताना ते सुटायला हवं, पण कॅल्शियम त्याला आणखी घट्ट बांधतं. मग कुकरच्या शिट्ट्या वाढतात आणि डाळ दाणेदारच राहते. चिमूटभर खायचा सोडा टाकला की शिजते, पण ब जीवनसत्त्वावर पाणी सोडावं लागतं.

लिफ्टमध्ये कुणीतरी म्हणतंच, या पाण्यानं मुतखडा होतो. तसा ठाम पुरावा नाही. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, गिझरमधल्या दगडाचे नव्हे. दिवसभर पाणीच न पिणं हे त्याचं मोठं कारण. तेव्हा चिनू, शाळेतली बाटली भरलेली परत आणू नकोस.

शॉवरची भोकं बुजली की त्याची चाळणी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची. गच्चीवरच्या सॉफ्टनरमधले बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम स्वतःकडे घेतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी थकले की त्यांच्यातून मिठाचं पाणी फिरवतात, म्हणून वॉचमनकाका मिठाची पोती वर चढवतात. अशी अदलाबदल करणारे दगडही असतात, झिओलाइट. गंमत म्हणजे लाव्ह्यातले बुडबुडे थिजून झालेल्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात, आणि आपल्या वाघोलीच्या खाणी त्यांच्यासाठी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. कारखान्यात बनवलेला झिओलाइट तर कपड्यांच्या पावडरीतही घालतात, पाण्यातलं कॅल्शियम पकडायला.

आणि मुक्ता, सॉफ्टनरचं पाणी कुंड्यांना घालू नकोस. सोडियमनं माती घट्ट होते आणि मुळं गुदमरतात. तुळशीला बोरचंच घाल. पानांवर पांढरे ठिपके पडतील, ते पुसता येतात.