नंदनवनातून बी.एस्सी. केमिस्ट्रीला

बारावीचा निकाल लागतो, नीटचा आकडा मनासारखा येत नाही, इंजिनीअरिंगची फी ऐकून घरात शांतता पसरते, आणि मग बी.एस्सी.ला अर्ज भरला जातो. पूर्व नागपुरातल्या बऱ्याच घरांत केमिस्ट्री अशी मागच्या दाराने येते. विषय मात्र मागच्या दाराचा नाही. कॉलेज नीट पारखून घेतलं आणि प्रयोगशाळेतले तास चुकवले नाहीत, तर साध्या कॉलेजातही तो चांगला शिकता येतो.

कॉलेज कुठलं?

पूर्व नागपुरातल्या नंदनवन भागातल्या मुलामुलींना त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. सक्करदरा चौकातलं कमला नेहरू महाविद्यालय जवळच आहे. स्कूटी किंवा बसने जायची तयारी असेल तर काँग्रेसनगरचं शिवाजी सायन्स आहे, सिव्हिल लाइन्समध्ये हिस्लॉप आहे आणि १९०६ साली सुरू झालेली शासकीय विज्ञान संस्थाही आहे.

कमला नेहरू आणि हिस्लॉप या कॉलेजांत कला, वाणिज्य आणि विज्ञान एकाच आवारात शिकवलं जातं. केमिस्ट्रीची मुलगी कँटीनमध्ये इतिहासाच्या मुलाशेजारी बसते. परदेशात ‘लिबरल आर्ट्‌स’ म्हणून मोठ्या फीवर जे मिळतं, त्याच्या जवळपास जाणारी ही आपल्याकडची जुनी सोय. हिस्लॉप हे नाव ज्या स्टीफन हिस्लॉप यांचं, ते धर्मप्रसारक तर होतेच, पण नागपूर परिसरातले दगड आणि जीवाश्म गोळा करणारे भूशास्त्राचे अभ्यासकही होते. हिस्लोपाइट या हिरव्या खनिजाला त्यांचंच नाव आहे.

मेजर, मायनर आणि क्रेडिट

पूर्वी बी.एस्सी. म्हणजे तीन विषयांचा गट: पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) किंवा सीबीझेड (केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी). तिन्ही विषय शेवटपर्यंत सारख्याच वजनाचे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एक विषय मेजर होतो, दुसरा मायनर, आणि काही क्रेडिट आपल्या शाखेबाहेरच्या विषयातून मिळवावे लागतात. थिअरीच्या १ क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या १ क्रेडिटला ३० तास, असा साधारण हिशेब. सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट होतात. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ‘ऑनर्स’ घेता येतं.

शाखेबाहेरचा विषय ‘सोपा कुठला?’ असं विचारून निवडायची पद्धत पडते आहे. माझं मत वेगळं आहे. केमिस्ट्रीवाल्याने अर्थशास्त्र किंवा भूगोल घ्यावा. मॅंगनीजचा भाव का पडतो आणि मॅंगनीज जमिनीत आलं कुठून, हे दोन्ही प्रश्न नागपूरच्या केमिस्टला कधी ना कधी भेटतातच.

प्रवेशाआधी लॅब पाहा

इमारत, नॅकचा दर्जा, फलकावरचे गुणवंत हे सगळं पाहून झालं की केमिस्ट्रीची लॅब दाखवा म्हणावं. एका ब्युरेटवर किती मुलं? फ्यूम हूडचा पंखा फिरतो का? डिस्टिल्ड वॉटर लॅबमध्येच तयार होतं का? लॅब असिस्टंट किती वर्षांपासून आहेत? हा शेवटचा प्रश्न मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये मुलगा अडला की त्याच्या टेस्ट ट्यूबचा रंग लांबून पाहून ‘अरे, ॲसिड कमी पडलं’ असं सांगणारा माणूस अनेकदा तोच असतो.

लहान कॉलेजात यंत्रं कमी असतात, हे खरं. एनएमआर तिथे दिसणार नाही. पण बॅच लहान असेल तर पिपेट तुमच्याच हातात येतो. मोठ्या बॅचमध्ये एक जण टायट्रेशन करतो, दुसरा रीडिंग लिहितो आणि बाकीचे जर्नलमध्ये उतरवून घेतात. असं करून तीन वर्षं निघतात, आणि ते पुढे वायवात पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं.

पुस्तकातलं तापमान आणि नागपूरचं

प्रयोगाच्या पुस्तकांत ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे २५ अंश. नागपुरात उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत पारा ४० च्या वर असतो. डायएथिल ईथर ३४.६ अंशाला उकळतो, म्हणजे एप्रिलच्या दुपारी बाटलीचं बूच काढतानाच सावध राहावं लागतं. डायझोटायझेशनला ० ते ५ अंश लागतात, तेव्हा आधी बर्फाची सोय आणि मग बाकी सगळं. व्हिस्कॉसिटीचं रीडिंग पुस्तकातल्या आकड्याशी जुळत नाही म्हणून मुलं ते ‘जुळवून’ घेतात. तसं करू नये. त्या दिवशीचं तापमान शेजारी लिहावं. रीडिंग वेगळं येण्याचं कारण त्यातच सापडतं आणि तापमान वाढलं की द्रव पातळ का होतो, हेही कायमचं लक्षात राहतं.

नाग नदी, एका बाटलीत

नंदनवनकरांना अभ्यासाचं उत्तम साहित्य घराजवळच मिळतं. शहराला जिचं नाव मिळालं ती नाग नदी इथूनच पूर्वेकडे वाहत जाते, सांडपाणी घेऊन. हे पाणी किती बिघडलंय हे केमिस्ट्री नाकाऐवजी आकड्याने सांगते.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची रीत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिली, आणि बी.एस्सी.ची मुलं आजही तीच करतात. काठोकाठ भरलेल्या बाटलीत मॅंगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर साका तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. मग आम्ल घातलं की आयोडिन सुटतं, आणि ते थायोसल्फेटने टायट्रेट करायचं. शेवटी स्टार्चचा निळा रंग गेला की रीडिंग घ्यायचं. स्वच्छ पाण्यात २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ४० अंशाला साडेसहाच्या आत. म्हणजे उन्हाळ्यात नदीची बाजू मुळातच लंगडी.

यानंतरचा टप्पा बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजायचा. परदेशी पुस्तकांत ही बाटली २० अंशाला पाच दिवस ठेवतात, आपल्या मानकात २७ अंशाला तीन दिवस. नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम. पुढे भांडेवाडीत महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प आहे आणि तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. प्रक्रियेआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी मांडला की पाठ्यपुस्तकाचं एक अख्खं प्रकरण समजतं.

नदीवर जायचं नसेल तर घरचं बोअरवेलचं आणि नळाचं पाणी न्या आणि ईडीटीएने कठीणपणा मोजा. वाइनसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. संत्र्याच्या साली वाफेने ऊर्ध्वपातित करून लिमोनीन काढणं हाही नागपूरला शोभणारा प्रयोग आहे, आणि लॅबला त्या दिवशी फिनाइलचा वास येत नाही.

पदवीनंतर

विंकलरच्या बाटलीतलं मॅंगनीज या शहराला परकं नाही. मॅंगनीज काढणाऱ्या मॉइल कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे आणि मनसर, कांद्री, गुमगाव या खाणी याच जिल्ह्यात. कामठीचे खाणउद्योजक डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एलआयटी) उभी राहिली. २०२३ पासून ती स्वतंत्र विद्यापीठ आहे.

बी.एस्सी. झालेल्यांना बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलची कामं मिळतात. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. संशोधनाची ओढ असेल तर १९५८ पासून नागपुरात असलेली पर्यावरण संशोधन संस्था नीरी आणि भारतीय खाण ब्युरो यांच्या प्रयोगशाळा याच शहरात आहेत. तिथे नियमित नेमणुकीसाठी बहुधा एम.एस्सी. लागते, पण कॉलेजच्या पत्रावर भेट किंवा छोटा प्रकल्प मागून पाहायला हरकत नाही. आयआयटीत एम.एस्सी. करायची असेल तर जॅम ही परीक्षा साधारण फेब्रुवारीत असते. त्या परीक्षेत फिजिकल केमिस्ट्रीची गणितं भरपूर असतात, म्हणून सीबीझेडच्या मार्गाने आलेल्यांनी कॅलक्युलस दुसऱ्या वर्षापासूनच हाताखालून घालावं. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट, इंटर्नल आणि जॅम एकदमच अंगावर येतात.