खरा कागद, खोटी गाडी

आमच्या बडोद्यात घडियाळी पोळेत सोन्याचांदीची दुकाने आहेत. तेथे दागिना घ्यावयास गेलेले गिऱ्हाईक हल्ली प्रथम हॉलमार्कचा सहा अक्षरांचा क्रमांक पाहते. सवय चांगली आहे. परंतु समजा, कोणी लबाडाने सोन्याच्या मोडक्या दागिन्यावरील त्या क्रमांकापुरता इवलासा तुकडा कापला आणि मुलामा दिलेल्या पितळी पाटलीस तो सफाईने जोडला, तर काय होईल? क्रमांक खरा ठरेल, नोंदीतही तो सापडेल, आणि तरीही गिऱ्हाइकाच्या हाती पितळच येईल. जुन्या मोटारगाड्यांच्या व्यवहारात अशाच प्रकारची लबाडी होत असते. तिच्याविषयी आज मी आपणांस चार शब्द सांगणार आहे.

मी मोटारींचा जाणकार नव्हे, शाळामास्तर आहे. या विषयाकडे मला एका जुन्या विद्यार्थ्याने ओढून नेले. त्याच्या वडिलांचे याच पोळेत लहानसे दुकान आहे. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथील झळझळीत गाड्या पाहून या मुलाच्या मनाने घेतले की, आपलीही एक जुनी गाडी असावी. पुढे वर्षभराने परगावी त्याला एक जीप मिळाली. विकणाऱ्याने सांगितले, “१९४४ सालची, दुसऱ्या महायुद्धातील अस्सल अमेरिकन जीप.” दुकान वाढविण्यासाठी वडिलांनी साठविलेल्या पैशांतून त्याने विसार दिला आणि कागदांच्या प्रती घेऊन तो माझ्याकडे आला. “सर, एवढे कागद नजरेखालून घाला,” तो म्हणाला. मी ते दोनदा वाचले. त्यांत खाडाखोड नव्हती. नाव, साल, क्रमांक, शिक्के, सारे जागच्या जागी होते. खोट होती ती कागदांच्या बाहेर.

ही युक्ती अमेरिकेत फार माहितीची आहे. १९६० ते १९७० च्या सुमारास तेथे मोठ्या ताकदीच्या इंजिनांच्या, तरुणांच्या आवडीच्या मोटारी निघाल्या. शेव्हरोलेची कमॅरो, प्लिमथची बाराकुडा ही त्यांतील नावे. एकाच घाटाच्या गाडीत साधे इंजिनही मिळे आणि भारी इंजिनही मिळे. आज साध्या गाडीपेक्षा भारी गाडीला कितीतरी पट किंमत येते. परंतु हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने त्यांतील पुष्कळ गाड्यांचे पत्रे गंजून गेले. मग लबाड माणूस काय करतो? गंजलेल्या भारी गाडीवरील क्रमांकाची पट्टी उचकटतो, ती धडधाकट साध्या गाडीवर बसवितो आणि तिला भारी म्हणून विकतो. तेथे क्रमांकाच्या पट्टीशी अशी लबाडी करणे हा गुन्हा आहे. ज्यांना या गोष्टीची पारख आहे ते केवळ पट्टी पाहून थांबत नाहीत. पट्टीचे रिव्हेट कारखान्याचे आहेत की मागाहून ठोकलेले, हे ते पाहतात. आणि पत्र्यावर आडबाजूला कारखान्याने ठोकलेले क्रमांकही शोधून पट्टीशी ताडून पाहतात.

या साऱ्याचे मर्म एवढेच की, गाडीला तीन साक्षीदार असतात. पहिला कागद, दुसरा सांगाड्यावरचा म्हणजे चेसिसवरचा क्रमांक आणि तिसरे गाडीचे अंग. आपण बहुधा पहिल्या दोघांची गाठ घालून देतो आणि निर्धास्त होतो. लबाडाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून तो कागद खोटा करीत नाही, खरा कागद विकत घेतो. तेव्हा प्रश्न असा विचारावा की, कागद, क्रमांक आणि अंग ही तिन्ही एकाच जन्माची आहेत काय? परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक बरोबर असला, तरी आतले अक्षर त्याच मुलाचे आहे की नाही हे आम्हां शिक्षकांना पाहावेच लागते. येथेही तसेच आहे.

आता जीपचेच उदाहरण घेऊ. कारण आपल्या देशात ही गोष्ट जीपच्या बाबतीत सहज घडते. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक लष्करी जीप केल्या. त्यांतील काही हिंदुस्थानात आल्या आणि युद्ध संपल्यावर येथेच राहिल्या. १९४५ पासून विलिसने नागरी उपयोगाची जीप काढली, आणि स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईस महिंद्र कंपनी जीप जुळवू लागली. या सगळ्या भावंडांचे रूप एकमेकींशी फार मिळतेजुळते आहे. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतरही लष्करी आणि सुरुवातीच्या नागरी जीपमध्ये सारखेच, ८० इंच. त्यामुळे नागरी जीपला हिरवा लष्करी रंग दिला आणि वर पांढरा तारा काढला की, नवख्या माणसास ती युद्धातून आलेली वाटते. शिवाय जीपची संपूर्ण बॉडी नव्या पत्र्याची करून मिळते.

विद्यार्थ्याबरोबर मी एका वृद्ध मेकॅनिकला घेऊन गेलो. सारे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी गाडी सुरू करावयासही सांगितले नाही. प्रथम त्यांनी समोरच्या जाळीतील उभ्या फटी मोजल्या. १९४४ च्या लष्करी जीपला नऊ फटी असतात; विलिसच्या नागरी जीपला सात. त्या गाडीला नऊ होत्या. मुलाचा चेहरा खुलला. उस्ताद म्हणाले, “जाळी चार बोल्टांनी बदलते, बेटा. मागे चल.”

मागे उघडझाप करणारी फळी होती. लष्करी जीपची पाठ बंद असते आणि तिच्यावर जादा चाक बसविलेले असते. उघडणारी फळी नागरी जीपला आली. मग त्यांनी पेट्रोलचे झाकण शोधले. ते बाजूच्या पत्र्यावर बाहेर होते. लष्करी जीपमध्ये चालकाची बैठक उचलल्यावाचून पेट्रोल भरता येत नाही. शेवटी ते गाडीखाली शिरले. विलिसच्या लष्करी सांगाड्याचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा. फोर्डने आपल्या पुष्कळ सुट्या भागांवर आणि बोल्टांवरही इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठविले होते. क्रमांकाची जागाही निराळी. फोर्डने तो डाव्या दांड्यावरच ठोकला. विलिसने पुढील बंपरमागे, डाव्या दांड्याच्या आतल्या अंगास पट्टी रिव्हेटने बसवून तिच्यावर दिला. जी पट्टी बसविता येते ती काढताही येते, हे आपण ध्यानात घ्यावे. या गाडीची पट्टी जुनी होती, परंतु रिव्हेट नवे कोरे होते आणि त्यांच्याभोवती तेवढ्यापुरताच रंग ताजा होता.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एकाच खुणेवरून निकाल देऊ नये. फोर्ड आणि विलिस यांच्या जीपचे भाग मुळातच परस्परांना चालावेत असे केलेले होते, आणि युद्धकाळातच कार्यशाळांतून त्यांची अदलाबदल झाली. ऐंशी वर्षांच्या गाडीत इंजिन, जाळी, चाके बदललेली असणारच. खुणा पुष्कळ पाहाव्या, आणि त्या सगळ्या एकाच दिशेस बोट दाखवितात काय, हे पाहावे.

कोणत्याही जुन्या गाडीस लागू पडतील अशा काही परीक्षा घरगुतीच आहेत. गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना पाहावी. रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक पोलादी पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे खाली जाड पुट्टी असण्याचा संभव असतो. कारखान्याचे पत्रे सारख्या अंतरावरील गोल ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडलेले असतात. तेथे ओबडधोबड शिवण दिसली तर कारण विचारावे. ठोकलेल्या क्रमांकाचे आकडे एका ओळीत व सारख्या खोलीचे आहेत काय, भोवतालचा धातू घासून पातळ झाला आहे काय, हे बोट फिरवूनही समजते. त्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप स्वतः घ्यावी. विकणाऱ्याने आणून दिलेल्या छापेवर विसंबू नये. पूर्वीच्या मालकांची साखळी लावावी, आणि गाडी लष्करी लिलावातून आली असे सांगितले तर त्या लिलावाचा कागद मागावा.

कोणी विचारील, एवढी चौकशी कशाला? गाडी धावते ना? परंतु प्रश्न हौसेपुरता राहत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतील तपशील विसंगत होईल असा बदल मालकास मनमानीने करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. पुढे जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने स्वतंत्र नियम केले. अशा गाडीस ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरविले गेले आणि नोंदणीची मुदत दहा वर्षे. परंतु अट अशी की, गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे दुसऱ्या अंगाची गाडी घेणाऱ्याचे पैसे जातातच, शिवाय ज्या मानासाठी ती घेतली तो मानही मिळत नाही. आणि ते अंग चोरीच्या गाडीचे निघाले, तर पोलीस ती ज्याच्या दारात सापडेल त्याच्या दारातून नेतात.

तथापि नव्या पत्र्याची जीप करणे हे पाप आहे, असे मी म्हणत नाही. कायद्यात राहून आणि उघडपणे सांगून केलेली नक्कल हे कारागिराचे कसब आहे. नक्कल ज्या क्षणी अस्सल म्हणून विकली जाते, त्या क्षणी लबाडी सुरू होते.

परतताना मुलगा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, “सर, मीच ती घेतली आणि पुढे तशीच विकली तर? निदान पैसे तरी सुटतील.” मी त्याच्यावर रागावलो नाही. कारण ही लबाडी चालते ती याच रीतीने. पहिला लबाड एकच असतो. पुढचे सारे फसलेले असतात, आणि आपले नुकसान दुसऱ्याच्या पदरात टाकण्यासाठी ते गप्प राहतात. मी त्याला एवढेच विचारले, “तुझ्याकडून जो घेईल, त्याच्या वडिलांचे दुकान कोणत्या पोळेत असेल रे?” त्याने उत्तर दिले नाही. विसार बुडाला, परंतु जीप त्याने घेतली नाही.

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यास माझे शेवटचे सांगणे एकच आहे. सौदा ठरण्यापूर्वी विकणाऱ्यापुढे कोरा कागद ठेवावा आणि म्हणावे, “या गाडीत मूळचे काय आणि मागाहून घातलेले काय, तेवढे लिहून सही करा.” प्रामाणिक माणूस लेखणी उचलतो. जो रागावतो, त्याच्या दारातून विसार न देता परत फिरावे.