गळ्यापाशी थांबलेले स्वेटर

३१ जानेवारी २०२६ ला चेन्नईच्या क्रोशाच्या विक्रमाला दहा वर्षं झाली. ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाच्या बायकांनी २०१६ साली याच तारखेला लोकरीचे चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरची चादर केली आणि गिनीजमध्ये नोंद झाली. ज्या शहरात थंडी म्हणजे पहाटे पंखा एकवर आणणं, तिथे लोकरीचं एवढं काम व्हावं याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, आजही वाटतो. त्या चादरीनंतर इथल्या कितीतरी मुलींनी हातात लोकर धरली. पण चौकोनाला गळा नसतो. गेल्या दहा वर्षांत लोकरीच्या कामाचं कौतुक झालं ते आकाराचं, रंगांचं, संख्येचं. अंगात घालायच्या कपड्याकडे, आणि त्यातही त्याच्या गळ्याकडे, कुणी फारसं बघितलं नाही.

त्याचं फळ मला डिसेंबरात एका प्रदर्शनात दिसलं. लहान मुलांचे हातविणीचे स्वेटर मांडले होते. पुढ्यावर सुंदर वेण्या, बाह्यांना साबुदाण्याची वीण, टाक्याला टाका सारखा. आणि गळ्याला टी-शर्टला लावतात ती बाजारातली पट्टी, मशिनवर ओव्हरलॉक मारून जोडलेली. आत बोट घालून बघितलं तर विणलेला गळा कात्रीने गोल छाटलेला. विकणारी मुलगी हुशार होती, कष्टाळू होती. मी विचारलं तेव्हा सरळपणे म्हणाली, “आंटी, गळा टेलर करून देतो. आम्ही फक्त विणतो.”

ते वाक्य मला फार लागलं. इतक्या चांगल्या हाताच्या मुलीला गळा विणायला कुणी शिकवलंच नाही, हे त्यातून कळलं.

माझ्याही हाती गळा उशिराच आला. शाळेतल्या शिवणाच्या तासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. टाके घाला, वीतभर पट्टी विणा, बाईंना दाखवा, उसवा. त्याआधी, १९६२ च्या युद्धात, आमच्या आईच्या पिढीने जवानांसाठी स्वेटर विणले. मी तेव्हा फक्त लोकरीची लडी दोन हातांवर धरून बसायची. लग्नानंतरची पहिली वर्षंही अशीच गेली: मफलर, टोपडी, बाळंतविड्यातले मोजे.

गळा मी शिकले तो मद्रासजवळच्या आवडीला, ऐंशीच्या दशकात. यजमान तिथल्या हेवी व्हेइकल्स फॅक्टरीत होते. हा रणगाड्यांचा कारखाना मद्रासच्या पश्चिमेला, आणि त्याच्या वसाहतीत देशभरातली माणसं. खडकी, अंबरनाथ, जबलपूर, कानपूर, मुरादनगर, देहरादून, जिथे जिथे आयुध कारखाने तिथून बदल्या होऊन आलेली. मद्रासमध्ये स्वेटर कशाला विणता, असं नातेवाईक विचारायचे आणि त्यावर हसायचे. त्यांना एवढंच सांगायचं राहिलं होतं, ते आता सांगते: आम्ही मद्रासच्या हवेसाठी विणत नव्हतो. आज शेजारी असलेली बाई पुढच्या डिसेंबरात देहरादूनला असायची. कुणाची अरुवनकाडूच्या कॉर्डाइट फॅक्टरीत बदली व्हायची, म्हणजे थेट निलगिरीच्या थंडीत. निरोपाला स्टीलचा डबा देण्यापेक्षा पोराला एक स्वेटर द्यावा, अशी आमच्या घरांच्या ओळीत रीतच पडली होती.

सुयाही निलगिरीतूनच यायच्या. निलगिरीच्या डोंगरी रेल्वेवर अरुवनकाडूच्या पुढचं स्टेशन केट्टी. ‘पोनी’ छापाच्या राखाडी ॲल्युमिनियमच्या सुया करणाऱ्या नीडल इंडस्ट्रीजचा कारखाना या केट्टीत. कंपनी १९४९ ची, नोंदणीचं कार्यालय मद्रासला. तिच्या भागधारकांचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८१ साली सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी निकाल दिला. कंपनी कायदा शिकणारे तो निकाल अजून वाचतात. आमच्या वसाहतीत तो कुणालाच माहीत नव्हता. आम्हाला सुयांचे नंबर तेवढे पाठ: आकडा वाढला की सुई बारीक, आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन, बारा म्हणजे पावणेतीन.

दुपारी अडीचच्या सुमाराला, वीज असेल त्या घरात, आम्ही बसायचो. मे महिन्यात हाताला घाम यायचा, टाके सुईवरून सरकायचे नाहीत, फिकट लोकर काळवंडायची. मग हाताला पावडर लावायची. बसणाऱ्यांत जबलपूरहून आलेल्या एक मराठी वहिनी होत्या, अरुवनकाडूत लहानपण गेलेल्या एक तमिळ मामी होत्या, आणि मुलाकडे राहणाऱ्या एक पंजाबी बीजी होत्या. गळा मला या तिघींनी दिला, तिघींनी वेगवेगळा भाग.

वहिनींनी टाके उचलायला शिकवलं. तोवर मी पुढ्याच्या कडेला जो टाका दिसेल तो उचलायची आणि पट्टी झालरीसारखी उभी राहायची. वहिनी म्हणाल्या, “अहो, टाका रुंद असतो आणि ओळ बुटकी. दर ओळीला एक टाका उचललात तर पट्टी फुगणारच.” गळ्याच्या तळाशी जे टाके पिनेवर थांबवलेले असतात ते एकाला एक घ्यायचे. दोन्ही बाजूंच्या चढावर मात्र चार ओळींना तीन. फार कमी घेतले तर गळा आत ओढला जातो आणि खांद्यापाशी चुण्या पडतात. दुसरी गोष्ट, कडेच्या सैल फाशात सुई घालायचीच नाही. कडेचा अख्खा टाका सोडून त्याच्या आत घालायची. मग ती वेडीवाकडी कड आतल्या बाजूला जाते आणि बाहेर एक सरळ रेघ दिसते. तळ आणि चढ जिथे मिळतात तिथे हमखास भोक पडतं. तिथला आडवा धागा उचलून, पीळ देऊन, त्याचा एक जादा टाका करायचा आणि पुढच्या ओळीत तो शेजारच्यात मिळवून टाकायचा. हे सगळं आपल्या मराठी मासिकांतल्या नमुन्यांत एका ओळीत उरकलेलं असे: गळ्याचे टाके उचलून दीड इंच पट्टी करावी. पाठ, पुढा, बाही यांना दोन पानं आणि गळ्याला एक ओळ. किती बायकांचे स्वेटर त्या ओळीपाशी अडकून ट्रंकेत गेले असतील. लिहिणाऱ्यांना गळा येत नसावा किंवा तो सांगायची गरज वाटत नसावी, असं माझं तेव्हा मत झालं आणि ते बदललेलं नाही.

मामींचा गळा व्ही. पुढ्याच्या टोकाचा मधला एकच टाका त्या सेफ्टी पिनेवर ठेवायच्या आणि त्या एका टाक्याची पट्टीभर काळजी घ्यायच्या. सुलट बाजूच्या प्रत्येक ओळीत त्या मधल्याच्या आधीचा टाका आणि मधला असे दोन्ही एकदम, न विणता, उजव्या सुईवर घ्यायच्या, पुढचा सुलट विणायच्या आणि ते दोन त्याच्यावरून सोडायच्या. असं केलं की मधला टाका वर राहतो आणि टोकापासून पट्टीच्या कडेपर्यंत एक टाक्यांची उभी रेघ चढत जाते. नुसते दोनांचे एक करत गेलं तर व्ही एका अंगाला झुकतो. मामी दुसऱ्याच्या स्वेटरचं टोक बोटाने दाबून बघायच्या आणि काहीही न बोलता परत द्यायच्या. आम्ही ते घरी जाऊन उसवायचो.

बीजींचं काम शेवटचं आणि सगळ्यात अवघड, टाके बंद करायचं. त्या चार सुयांवर गोल पट्टी विणायच्या, म्हणजे शिवण नाही. पट्टी अंगापेक्षा दोन नंबर बारीक सुईवर, अंग दहावर तर पट्टी बारावर. पण टाके बंद करायची वेळ आली की पुन्हा दहाची, कधी नवाची सुई हातात, आणि सुलटावर सुलट, उलटावर उलट असंच बंद करायचं. बारीक सुईवर घट्ट बंद केलेला गळा दिसायला देखणा, पण पोराच्या कानावर अडकतो. जन्मलेल्या बाळाचं डोकं छातीपेक्षा मोठं असतं, घेर ३४-३५ सेंटिमीटर, आणि छाती डोक्याला गाठते ती वर्षाच्या आसपास. म्हणून तान्ह्याच्या स्वेटरला बीजी एक खांदा उघडा ठेवून बटणं लावायच्या. मोठ्यांसाठी दुपट्टीचा गळा: पट्टी दुप्पट उंच विणायची, आत दुमडायची आणि टाके बंद न करताच मोठ्या नेढ्याच्या सुईने एकेक जिवंत टाका आतल्या रेघेला शिवायचा. तो गळा हवा तेवढा ताणतो आणि पुन्हा जागेवर येतो.

इथे लोकरीबद्दल एक राग आहे तो सांगितलाच पाहिजे. त्याच दशकात आमच्या हातातली खरी लोकर गेली आणि ॲक्रिलिक आलं. स्वस्त, धुवायला सोपं, कसर न लागणारं. मद्रासच्या सौकारपेटेत, पॅरीजच्या गल्ल्यांत हळूहळू तेच मिळायला लागलं. अंगाला ते चालतं. गळ्याला नाही. लोकर ताणली तरी आक्रसते, ॲक्रिलिक एकदा ताणलं की तसंच राहतं, आणि चुकून इस्त्री फिरली तर एक सुलट एक उलटची पट्टी कायमची सपाट होते. दुकानदारांनी हे कधी सांगितलं नाही. गळे लोंबायला लागले तेव्हा दोष विणणारीला लागला.

माझं दुसरं शिक्षण मूर मार्केटमध्ये झालं. सेंट्रल स्टेशनशेजारच्या त्या लाल इमारतीत जुन्या पुस्तकांची दुकानं होती. इंग्रज बायकांनी मागे ठेवलेल्या विणकामाच्या पुस्तिका तिथे ढिगाने मिळायच्या. मेरी थॉमसचं १९३८ सालचं पुस्तक मला तिथेच मिळालं. टाका सुईवर कसा बसतो याची रेखाचित्रं त्यात होती, आणि वहिनी हाताने जे करत होत्या त्याचं कारण मला त्या चित्रांतून कळलं. ३० मे १९८५ ला मूर मार्केट जळालं. रेल्वेची नवी इमारत तिथे उभी राहिली. जळालेल्या पुस्तकांबद्दल लोक अजून हळहळतात, पण त्यात बायकांच्या हातची ही विद्याही होती, हे मी कुणाच्या लेखात वाचलेलं नाही.

त्या दिवसांतली एक स्पर्धाही मला विसरता येत नाही. नाव घेत नाही. परीक्षकांनी सगळे स्वेटर टेबलावर पसरले, पुढ्याची नक्षी बघितली आणि बक्षिसं दिली. एकही स्वेटर उलटा करून बघितला नाही, एकाही गळ्यात हात घातला नाही. मामींचा साधा, बिननक्षीचा, निर्दोष व्ही गळ्याचा राखाडी स्वेटर तसाच घरी आला. आज प्रदर्शनात टेलरची पट्टी दिसते, तिची सुरुवात अशा टेबलांवर झाली. बघणाऱ्यांनी गळा बघणं सोडलं, मग करणाऱ्यांनी करणं सोडलं.

नव्वदनंतर लुधियानाचे तयार स्वेटर स्वस्त झाले, वसाहतीतली माणसं निवृत्त होऊन आपापल्या गावी गेली, आम्ही अण्णानगरला आलो. मद्रासचं चेन्नई झालं. त्या पंधरा-वीस वर्षांत विणकाम म्हणजे म्हाताऱ्यांचा उद्योग, एवढंच ऐकलं. मग मोबाइलवर व्हिडिओ आले आणि लोकर परत आली, याचा आनंद आहे. परदेशातल्या बायकांनी तर टाके सैल बंद करायच्या नव्या रीती काढल्या. जेनी स्टेमन यांची २००९ मधली रीत मी इतक्या उशिरा शिकले, आणि पायमोज्यांना, गळ्यांना ती बीजींच्या रीतीइतकीच चांगली आहे. तेव्हा व्हिडिओंशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते दहा मिनिटांत नक्षी दाखवून “आता गळा पूर्ण करून घ्या” म्हणून संपणाऱ्या व्हिडिओंशी. ती त्या जुन्या मासिकांचीच ओळ आहे.

त्या प्रदर्शनातल्या मुलीला मी घरी बोलावलं. ती आली, बरोबर दोन मैत्रिणी घेऊन. मी त्यांना स्वेटर विणायला लावला नाही. चाळीस टाक्यांचा एक तुकडा, त्यात फक्त गोल गळ्याचा आकार, आणि त्यावर पट्टी. बिघडली तर पट्टी उसवायची, तुकडा तोच. गळा शेवटी येतो म्हणून शेवटीच शिकायचा, ही शिकवण्याची चूक आहे असं मला वाटतं. तोवर लोकर संपत आलेली असते आणि माणूस थकलेला असतो. इथल्या आपल्या मराठी मंडळात किंवा पुण्या-नाशकात कुणी विणकामाचा वर्ग काढत असेल, तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात हा तुकडा करून घ्यावा.

आणि ज्यांच्या कपाटात गळ्याविना राहिलेला स्वेटर आहे त्यांनी तो टेलरकडे देऊ नये. एक खांदा जोडा, दोन नंबर बारीक सुई घ्या, तळाला एकाला एक आणि चढावर चार ओळींना तीन टाके उचला. दोन्ही बाजूंचे टाके मोजून सारखे आले का बघा. एक सुलट एक उलट सात-आठ ओळी, आणि बंद करताना पुन्हा जाड सुई. मग दुसरा खांदा आणि पट्टीची कड शिवा. दुपारी बसलात तर दिवे लागायच्या आत होतं.