दुपारचा चहा कुठे घ्यायचा?

मागच्या महिन्यात आमच्या मुंबईतल्या वस्तीत रक्ततपासणीचे शिबिर झाले. घरकाम करणाऱ्या एका ताईंचे हिमोग्लोबिन ८ निघाले. डॉक्टरांनी विचारले, "दुपारी काय जेवता?" ताई हसल्या. म्हणाल्या, "जेवायला वेळ कुठे असतो, डॉक्टर? तीन घरांत तीन कप चहा होतो. त्यावर संध्याकाळ निघते."

मागे रांगेत उभ्या असलेल्या बायाही माना हलवत होत्या. हे एकट्या ताईंचे नव्हते. सफाई कामगार, नाक्यावर कामाची वाट बघणारे, रिक्षा चालवणारे, घरोघरी पार्सल पोहोचवणारी मुले, असे आपल्या घरांतले कितीतरी जण दुपार चहावरच काढतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हाच प्रश्न घेतला आहे. शहरात कामावर असताना दुपारचा चहा कुठे घ्यायचा, केव्हा घ्यायचा आणि कशाबरोबर?

आधी जेवण, मग चहा

चहाने भूक मरते, भागत नाही. दूध-साखरेने थोडा वेळ तरतरी येते, मग हातपाय गळतात आणि पुन्हा चहाच आठवतो.

दुसरी गोष्ट रक्ताची. डाळ, हरभरा, पालेभाजी यांतले लोह अंगी लागू देण्यात चहातील टॅनिन अडथळा आणते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शनात जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे ही सूचना आपल्या घरातल्या प्रत्येक बाईसाठी आहे असेच समजावे.

हिशोब सोपा आहे. एक-दीडला डबा खाल्ला तर चहा साडेतीन-चारला. लोहाची गोळी चालू असेल तर ती चहाबरोबर कधीच घेऊ नये. साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

टपरीवर

टपरी जवळ असते, स्वस्त असते, आणि कटिंग घेतले की चहाही अर्धाच पोटात जातो. चहा चांगला उकळलेला असला तर त्यातल्या जंतूंची फारशी भीती नाही. भीती ग्लासाची आहे. ग्लास नळाखाली धुतात की सकाळपासूनच्या त्याच बादलीत बुचकळतात, हे आधी पाहावे. बादलीतले पाणी गढूळ दिसले तर पुढची टपरी बघावी.

कागदी कप स्वच्छ वाटतो, पण त्याच्या आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटे ठेवले तर प्लॅस्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण त्यात उतरतात. कामाच्या जागी सगळ्यांसाठी पातळ पिशवीत बांधून गरम चहा आणणे तर पूर्ण बंद करावे. त्यापेक्षा स्टीलची किटली न्यावी. आपला स्टीलचा पेला पिशवीत असला तर सगळ्यात उत्तम.

टपरीवर विडी-सिगारेटचा धूरही असतो. गरोदर बाईने आणि लहान मुलाने तिथे उभे राहू नये. आणि चहाबरोबर तंबाखूचा बार भरायची सवय असेल, तर चहा सोडण्याआधी ती सोडावी.

इराण्याकडे, उडुप्याकडे

इथे चहाला चार पैसे जास्त पडतात. पण त्या पैशात बसायला खुर्ची मिळते, पिण्याचे पाणी मिळते, हात धुवायला बेसिन मिळते आणि बऱ्याच ठिकाणी संडासही असतो. बायांसाठी ही शेवटची गोष्ट फार मोठी आहे. शहरात जायला जागा नाही म्हणून आपल्या बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. लघवी तुंबवून ठेवतात. त्यातून लघवीची जळजळ आणि संसर्ग मागे लागतो. म्हणून चहाची जागा निवडताना "संडास आहे का?" हे विचारायला लाजू नये.

मरीन लाइन्सजवळचे कयानी १९०४ पासून सुरू आहे. अशी जुनी इराणी हॉटेले आता मोजकीच उरली आहेत. तिथला ब्रुन-मस्का चविष्ट असतो, पण तो मैदा आणि लोणी. खारी-बिस्किटाचेही तेच. रोजच्यासाठी नव्हे, कधीतरी. उडुप्याकडे इडली-सांबार घेतले तर पोटाला आधार होतो. सगळ्यात स्वस्त उपाय आपल्या पिशवीतला : मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे, एक केळे, किंवा घरून आणलेले उकडलेले अंडे.

वेगळा कप

शिबिरातल्या ताईंनी नंतर आणखी एक गोष्ट सांगितली. एका घरात त्यांचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे. त्या स्वतः तो विसळून पुन्हा तिथेच ठेवत.

गावाकडे हॉटेलाबाहेर टांगलेल्या वेगळ्या कपबशा आपल्या आजी-आजोबांनी पाहिल्या आहेत. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली. १५ व्या कलमाने दुकाने, हॉटेले, उपाहारगृहे सगळ्यांना खुली केली. हॉटेलात सर्वांसाठी असलेली भांडी अस्पृश्यतेच्या कारणाने कुणाला वापरू न देणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. असे कुठे घडले तर गप्प बसू नये.

आरोग्य म्हणजे नुसते हिमोग्लोबिन नव्हे. मान खाली घालून प्यालेला चहा मनाला लागतो. "नको ताई, मी चहा सोडलाय," एवढे म्हणून तो कप नाकारता येतो. चहा नाकारल्याने पोटाचे काही बिघडत नाही.

साखर आणि चटका

एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. तीन कपांची ३० झाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहणे चांगले म्हणते, आणि त्यात बिस्किटातली साखरही धरायची. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी जिथे बिनसाखरेचा चहा करून देतात तीच जागा ठरवून टाकावी. टपरीवाल्याला रोजचे गिऱ्हाईक म्हणून सांगितले तर तोही साखर टाकण्याआधी कपभर बाजूला काढतो.

चटका बसेल असा चहा घाईने ढोसू नये. ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारण ठरू शकतात, असे कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये म्हटले आहे. चार-पाच मिनिटे थांबावे. तेवढीच विश्रांती.

थोडक्यात

• डबा आधी, चहा तासाभराने.
• भांडी वाहत्या पाण्यात धुणारी जागा निवडावी.
• काच किंवा स्टील. पिशवी आणि कागदी कप टाळावा.
• बसायला जागा, प्यायला पाणी, बायांसाठी संडास.
• दिवसाला दोन कप, साखर कमी.
• थकवा, धाप, चक्कर असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे.

त्या ताईंनी आता कामावरच्या तीन मैत्रिणींना बरोबर घेतले आहे. दीड वाजता चौघी बागेतल्या बाकावर डबा खातात. चारला जवळच्या उडुप्याकडे जाऊन दोन चहा चौघींत घेतात, वीस मिनिटे पाय मोकळे करून बसतात. खिडकीतला कप तसाच राहिला. बाईंनी विचारले तेव्हा ताई म्हणाल्या, "आता मी मैत्रिणींबरोबर हॉटेलात घेते."

त्यांची पुढची रक्ततपासणी दोन महिन्यांनी आहे. गोळ्या चालू आहेत. आकडा किती वाढतो ते कळेलच. पण दुपारी जेवायला वेळ नाही, हे वाक्य आता त्या म्हणत नाहीत. आपल्या घरात ते कोण म्हणते, आज संध्याकाळी विचारून बघा.